परदेशात रेल्वेने फिरायचं, तर बॅग केवढी घ्यावी?

प्रश्न साताऱ्याच्या सदर बझारमधल्या एका निवृत्त शिक्षिकेचा आहे. त्या आणि त्यांचे यजमान (तेही शिक्षकच) मे महिन्यात १८ दिवस युरोपला निघालेत. टूर कंपनीच्या बसमधून नाही, आपले आपण, रेल्वेने: पॅरिस, इंटरलाकेन, मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. मुलगा म्हणतो दोघांत मिळून एकच २८ इंची बॅग घ्या, म्हणजे एकीकडेच लक्ष ठेवायचं. जाऊबाई म्हणतात फक्त केबिन बॅगा न्या, हल्ली सगळे तसेच जातात. बाईंचा एक गुडघा बदललेला आहे. पुढच्या वर्षी जपान मनात आहे, म्हणून बॅग तिथेही चालावी अशी इच्छा.

बाई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. दोघांना दोन बॅगा. दोन्ही २४ इंची, म्हणजे आपल्याकडच्या दुकानात ज्यांच्या चिठ्ठीवर ६५ ते ६८ सेंटिमीटर लिहिलेलं असतं त्या. भरून झाल्यावर काट्यावर प्रत्येकी १५ किलो, फार तर १६. शिवाय माणशी एक पाठीवरची सॅक. बस्स. रेल्वेने फिरणाऱ्यांचे प्रवास आखून देण्याचं काम मी साताऱ्यात बसून बरीच वर्षं करतोय, आणि साठीच्या पुढच्या जोडप्यांना याहून वेगळा सल्ला क्वचितच देतो.

मुलाचं गणित घरात बसून बरोबर वाटतं. पण २८ इंची बॅग म्हणजे साधारण १०० लिटरची जागा, आणि आपल्या घरांतून निघालेल्या बॅगेत मोकळी जागा शिल्लक राहत नाही. कोणीतरी एक शाल, कोणीतरी चिवड्याचं पाकीट सारतंच. बॅग २३ किलोवर जाते. तुमच्या गुडघ्यामुळे तुम्ही हात लावायचा नाही, म्हणजे ती प्रत्येक डब्यात चढवणार सर, एकटे. सामान दोन बॅगांत वाटलं, तर सरांना दोनदा उचलावं लागेल हे खरं, पण १५-१५ किलो दोनदा उचलणं सत्तरीकडे झुकलेल्या कंबरेला परवडतं, २३ किलो एकदम परवडत नाही. सपाट जागी तुमची बॅग तुम्ही स्वतः ढकलत नेऊ शकता, हा फायदा वेगळाच. आणि विमानात एक बॅग मागे राहिली तर दुसरी हाताशी असते. म्हणून दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे-निम्मे टाका. एक सरांची, एक माझी असं करू नका.

ही सगळी गफलत विमानामुळे होते. तिकिटावर २३ किलो छापलेलं असतं, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत चालते, म्हणून लोक तेवढी बॅग घेतात आणि तेवढं वजन भरतात. पण विमानतळावर ती बॅग आपण उचलतो किती वेळा? डिकीतून ट्रॉलीवर आणि ट्रॉलीवरून काउंटरच्या पट्ट्यावर. पुढचं सगळं यंत्रं आणि माणसं बघतात. रेल्वेत ते आपणच बघायचं, आणि तुमच्या या दौऱ्यात विमान दोनदा आहे, रेल्वे मात्र दर दोन-तीन दिवसांनी.

रेल्वेचे नियम तसे ढिले आहेत. बॅगेचं वजन करायला तिथे कोणी उभं नसतं. फ्रान्सच्या टीजीव्ही इनुई या वेगवान गाड्यांत माणशी दोन मोठ्या बॅगा चालतात, प्रत्येकी ९० × ७० × ५० सेंटिमीटरपर्यंत, शिवाय एक छोटी. लंडन-पॅरिसच्या युरोस्टारमध्ये ८५ सेंटिमीटर लांबीपर्यंतच्या दोन. म्हणजे २८ इंची बॅग नियमात आरामात बसते. तुम्हाला नियम अडवणार नाही, फलाट आणि डबा यांच्यामधल्या दोन-तीन पायऱ्या अडवतील.

आपण कोयना किंवा महालक्ष्मीने मुंबईला जातो तेव्हा सोडायला आलेला पुतण्या बॅग आत नेतो, सीटखाली सरकवतो, साखळी-कुलूप लावून देतो आणि गाडी हलायच्या आत उतरतो. पुतण्या नसला तर हमाल असतो. तिकडे हमाल जवळजवळ नाहीत, आणि सीटखाली जागाही नाही. तिथे सामान तीन ठिकाणी जातं. एक, डोक्यावरची फळी. दोन, डब्याच्या टोकाला दाराजवळ असलेली कप्प्यांची मांडणी. तीन, पाठीला पाठ लावलेल्या दोन सीटांच्या मधली त्रिकोणी फट, जी सगळ्या गाड्यांत नसते आणि असली तरी लवकर भरते. केबिन बॅग तिन्हीकडे जाते. २४ इंची बॅग फटीत आणि कप्प्यात जाते, आणि कोणी उचलून दिली तर बऱ्याच गाड्यांत फळीवरही राहते. २८ इंचीला फक्त दाराजवळचा कप्पा, त्यातही खालचा, आणि तुमच्याआधी चढलेल्या माणसाने तो घेतलेला असला की तुमची बॅग जाण्यायेण्याच्या वाटेत. मग दर स्टेशनला उठा आणि सरकवा.

दाराजवळचा कप्पा म्हणजे बॅग आपल्या नजरेआड. मोठ्या स्टेशनांवर दार उघडतं तेव्हा कोणीही बॅग उचलून उतरू शकतं. तिथे बारीक तारेचं कुलूप लावलं तर कोणी हसत नाही, लावा. पण बॅग सीटजवळच्या फटीत मावण्याएवढी असली तर हा प्रश्नच उरत नाही.

आता पॅरिसहून निघायचं बघू. स्वित्झर्लंडला जाणाऱ्या टीजीव्ही लिरिया गाड्या गार द लियों स्टेशनवरून सुटतात. फलाट क्रमांक साधारण वीस मिनिटं आधी फलकावर लागतो, आणि सुटायच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होतात. त्या वेळात एवढ्या लांब गाडीत आपला डबा शोधायचा असतो. फलाटावर अक्षरं लिहिलेले विभाग असतात, तुमचा डबा कुठल्या अक्षरासमोर येणार हे फलकावर दिसतं. ते आधी बघून त्याच अक्षराखाली उभं राहा. चुकीच्या डब्यात चढून आतून चालत जाऊ असं म्हणू नका. या गाड्या दुमजली आहेत, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायचा रस्ता वरच्या मजल्यावर आहे. म्हणजे बॅग घेऊन अरुंद जिना चढायचा, दोन ओळींमधल्या चिंचोळ्या वाटेतून न्यायची आणि पुन्हा जिना उतरायचा. २८ इंची बॅग तिथे दोन्ही बाजूंच्या लोकांच्या कोपरांना लागते. तुमच्या गुडघ्यासाठी तर हे नकोच. तिकीट काढतानाच खालच्या मजल्याची सीट मागा.

स्वित्झर्लंड त्या मानाने सुखाचं. बऱ्याच गाड्यांचं दार फलाटाच्या पातळीला असतं, स्टेशनांत उतार आणि लिफ्ट असतात. पण तिथली अडचण घड्याळाची आहे. स्विस वेळापत्रक जोडगाड्यांना पाच-दहा मिनिटंच देतं. इंटरलाकेनहून मिलानला जाताना स्पीझला गाडी बदलायची, तेव्हा एका फलाटावरून भुयारी मार्गाने दुसऱ्यावर जायचं. १५ किलोची बॅग ढकलत ते आरामात होतं. लिफ्टपाशी रांग लागली तर थांबायचं की जिना धरायचा, हा निर्णय बॅगेच्या वजनावर अवलंबून असतो. दोन मिनिटांनी गाडी चुकली तर बहुतेक वेळा तासाभरात पुढची मिळते, हे खरं. पण मिलानच्या गाडीला आरक्षण केलेलं असलं तर ते आरक्षण त्याच गाडीचं असतं.

इंटरलाकेनला चार रात्री राहताय ते उत्तम केलंत. युंगफ्राऊयोख हे बर्फातलं डोंगरावरचं ठिकाण ३४५४ मीटरवर आहे, वर जाताना गाड्या बदलाव्या लागतात, तिथे बॅग न्यायचा प्रश्नच नाही, ती हॉटेलात. स्वित्झर्लंडमध्येच एका गावाहून दुसऱ्या गावी मुक्काम हलवणाऱ्यांसाठी स्विस रेल्वे पैसे घेऊन बॅग वेगळी पोचवते. मात्र साध्या सेवेत ती त्याच दिवशी मिळत नाही, म्हणून मधल्या रात्रीचे कपडे सॅकमध्ये ठेवावे लागतात. तुमचा मुक्काम एकच, तेव्हा तुम्हाला त्याची गरज नाही.

इटलीत बॅगेची खरी परीक्षा गाडीतून उतरल्यावर होते. व्हेनिसचं सांता लुचिया स्टेशन थेट मोठ्या कालव्यावर उघडतं. बाहेर टॅक्सी नाही, रिक्षा नाही. समोरच स्काल्झी पूल, दगडी पायऱ्यांचा. त्याच्या थोडं उजवीकडे २००८ साली झालेला नवा काचेचा पूल, त्यालाही पायऱ्याच. हॉटेल पलीकडच्या बाजूला असेल तर बॅग उचलून पूल ओलांडायचा, आणि पुढे प्रत्येक लहान कालव्यावर पुन्हा एक पूल. म्हणून तुमच्यासाठी हॉटेल स्टेशनच्याच बाजूला, लिस्ता दि स्पान्या रस्त्यावर बघा. स्टेशनातून डावीकडे वळलं की सपाट रस्ता आहे आणि सुरुवातीच्या टप्प्यात पूल लागत नाही. हॉटेल आधीच आत कुठेतरी ठरलं असेल तर कालव्यातल्या बोटीने जवळच्या धक्क्यापर्यंत जा, पण तिथून पुढे किती पूल आहेत ते हॉटेलला आत्ताच विचारून ठेवा.

फ्लॉरेन्स आणि रोमला जुन्या भागात फरसबंदी रस्ते. चार छोट्या चाकांची बॅग तिथे नाचते. ती दोन चाकांवर तिरकी करून ओढावी लागते, आणि तशी ओढताना वजन तुमच्या मनगटावर येतं. रोममध्ये तेर्मिनी स्टेशनजवळची बरीच हॉटेलं जुन्या इमारतींत आहेत. त्यांची लिफ्ट इतकी लहान असते की एक माणूस आणि एक मध्यम बॅग एवढंच मावतं. मोठी बॅग असली की तिला एकटीला वर पाठवायचं आणि आपण जिन्याने जायचं.

आता जाऊबाईंचा सल्ला. केबिन बॅगेवर युरोप फिरणारी तरुण मुलं मी बघतो, आणि रेल्वेपुरतं बोलायचं तर त्याहून सोयीचं काही नाही. पण बऱ्याच विमान कंपन्या केबिन बॅगेला ७-८ किलोच देतात. रिकामी बॅगच अडीच किलोची. उरलेल्या पाच किलोंत १८ दिवसांची दोघांची औषधं, युंगफ्राऊयोखच्या बर्फासाठी गरम कपडे, रोमच्या उन्हासाठी सुती कपडे आणि थोडंसं खाणं बसवायचं, हे तुमच्या वयाला मी सुचवणार नाही. काउंटरवर वजन जास्त निघालं की ती बॅगही मग सामानातच टाकावी लागते. जाऊबाई गेल्या असतील तर एका शहरात, मुलीकडे, असा माझा अंदाज आहे. ज्यांना विमानतळावरून थेट लेकीच्या घरी जायचंय आणि महिनाभर तिथेच राहायचंय, त्यांनी २८ इंची खुशाल न्यावी. मसाले, पीठं, नातवाचे कपडे, सगळं नेता येतं, कारण ती बॅग जावई उचलणार असतो.

१५ किलोंत बसवायचं कसं? कपडे हा मोठा मुद्दा नाही. इंटरलाकेनला चार रात्री आहात, तिथे एकदा धुऊन घ्यायचं. माणशी सात-आठ दिवसांचे कपडे पुरतात. सरांनी जीन्स नेऊ नये, जड असते आणि वाळत नाही. तुम्ही प्रवासाच्या दिवशी पंजाबी ड्रेस घालणार असाल तर उत्तम, साडी आवडत असेल तर सिंथेटिक न्या, रात्री न्हाणीघरात टाकली की सकाळी वाळलेली असते. जाड जॅकेट बॅगेत नाही, अंगावर किंवा हातावर. बूट एकच जोड, पायात. दुसरी जोड चपलांची.

वजन खातं ते खाणं. आपल्याकडून जाणारी मंडळी जोडप्यामागे सहा-सात किलो खाऊ नेतात. तीन किलोंवर थांबा. भडंगाला वजन नाही पण जागा लागते, त्यामुळे फार नको. भाजणी आणि रव्याची पाकिटं कामाची वाटतात, पण हॉटेलच्या खोलीत शिजवायला सहसा परवानगी नसते, आणि इलेक्ट्रिक कुकरचं वजन आणखी. शेंगदाण्याची चटणी, खाकरा, सुके लाडू, गरम पाण्यात होणारे उपमा-पोह्याचे पुडे, एवढं पुष्कळ. लाडू मात्र तेलातले करा किंवा खजूर-दाण्याचे, कारण युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशांनी दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे कोणासाठी भेट म्हणून न्यायचं मनात असेल तर ते इथेच राहू द्या, आणि तुपाची बरणीही. मांसाचे पदार्थही तसेच. पेढे काढून ठेवायला सांगितलं की लोक माझ्यावर नाराज होतात, पण कस्टमच्या टेबलावर कचऱ्यात टाकण्यापेक्षा ते घरी खाल्लेले बरे.

येतानाची खरेदी हा दुसरा भाग. माणशी १५ किलो नेलं तर विमानाच्या हिशेबात दोघांचे मिळून १६ किलो शिल्लक आहेत. घडी करून ठेवायची एक हलकी बॅग तळाशी टाका. चॉकलेटं मात्र इंटरलाकेनला घेतलीत तर पुढे सबंध इटली ती घेऊन फिराल, तेही मे महिन्यात. दोन-चार चाखायला घ्या, बाकीची परतीच्या विमानतळावर.

बॅग विकत घेताना टेप आणि हुकाचा छोटा वजनकाटा घेऊन जा. चिठ्ठीवरच्या इंचांवर विश्वास ठेवू नका, काही ठिकाणी तो आकडा चाकं सोडून असतो. जमिनीपासून वरच्या कडेपर्यंत, चाकांसकट मोजा. रिकामी बॅग साडेतीन किलोच्या आत असावी. वर, बाजूला आणि तळाशी अशा तीन ठिकाणी पकड हवी. तळाची पकड बऱ्याच बॅगांना नसते आणि फळीवर चढवताना तीच लागते. चाकं जोडीजोडीची आणि जरा मोठी. कडक कवचाच्या बॅगा दिसायला छान, पण त्या पुस्तकासारख्या मधोमध उघडतात. पॅरिसच्या हॉटेलात पलंग आणि भिंत यांच्यामध्ये तेवढी जमीन नसते. कापडी बॅग एका बाजूने उघडते, बाहेरच्या कप्प्यात स्वेटर आणि तिकिटं राहतात. मी तुम्हाला कापडी सुचवेन. तीन बॅगांचा संच स्वस्त पडतो म्हणून दुकानदार आग्रह करेल, त्यात मोठी बॅग आपोआप घरी येते आणि मग ती न्यावीशी वाटते. दोन सारख्या मापाच्या, वेगवेगळ्या रंगाच्या घ्या. मुलाने आधीच २८ इंची आणली असेल तर त्याला परत करू द्या किंवा घरी गाद्या-पांघरुणांना ठेवा.

निघायच्या आठवडाभर आधी बॅगा पूर्ण भरा आणि आपल्या साताऱ्याच्या, माहुलीच्या स्टेशनवर जा. सरांनी बॅग स्वतः उचलून पादचारी पूल चढावा-उतरावा, थांबलेल्या गाडीच्या डब्यात चढवून बघावी. ते दमले तर घरी येऊन तीन किलो कमी करा. घरच्या फरशीवर बॅग ढकलून काही कळत नाही.

जपानचं थोडक्यात. तोकाइदो, सान्यो आणि क्यूशू या शिन्कान्सेन (म्हणजे बुलेट ट्रेनच्या) मार्गांवर बॅगेच्या तिन्ही बाजूंची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर डब्याच्या शेवटच्या ओळीमागच्या जागेसह असलेली खास सीट आधी राखून ठेवावी लागते. त्याला वेगळे पैसे नाहीत, पण न राखता आलात तर १००० येन भरावे लागतात. २५० च्या वरचं सामान घेतच नाहीत. २४ इंची बॅगेची बेरीज १४० च्या आसपास येते, म्हणजे या सगळ्यातून तुम्ही मोकळ्या. २८ इंची चाकं-पकडीसकट १६० च्या सीमेवर असते. शिवाय जपानात एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात बॅग पाठवायची चांगली कुरियर सेवा आहे, साधारणपणे दुसऱ्या दिवशी पोचते. तिथे बॅग पाठवून द्या आणि सॅक घेऊन गाडीत बसा.

तुमच्या गुडघ्यासाठी आणखी एक. युरोपीय संघातल्या गाड्यांत चढण्या-उतरण्याची मदत मागता येते, पण ती २४ तास आधी कळवावी लागते, आणि ती माणसाला असते, सामानाला असेलच असं नाही. पॅरिसच्या स्टेशनसाठी ती मागा. आणि दोन्ही बॅगांना नाव-पत्त्याची चिठ्ठी बांधा, फ्रान्सच्या टीजीव्हीत ती सक्तीची आहे. पत्ता साताऱ्याचा चालेल, फोन नंबर मात्र तिकडे चालू असलेला लिहा.